कमलअक्कांची राणी

‘जावाजावा, उभा दावा’ म्हणतात. खोटं नाही ते. कमलअक्का आणि मी एकाच अंगणात पोटभर भांडलो आहोत. तरी दोंडाईच्याच्या बाजारात कुणी त्यांच्या इमूंवरून टवाळी केली, की मी आधी भाजीची पिशवी खाली ठेवते आणि मग त्याचा समाचार घेते.

अक्कांचं माहेर पारोळ्याचं. आवाज बारीक, हट्ट मात्र तिथल्या किल्ल्याच्या भिंतीसारखा. त्यांचे यजमान, माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, झुलाल आबा, त्या भिंतीवर आयुष्यभर डोकं आपटत आले.

इमू म्हणजे माणसाएवढा उंच पक्षी. पंख नावालाच, उडता येत नाही, पण धावायला लागला तर कुत्र्यालाही सापडत नाही. मध्यंतरी एका कंपनीच्या नादाने गावात चार-पाच जणांनी ते पाळले. कंपनीची गाडी यायची, गडद हिरवी अंडी घेऊन जायची, पिल्लं तिकडे कुठंतरी मशीनमध्ये निघायची. अंड्यांवर कोण बसतं, हे गावात कुणी बघितलंच नव्हतं. मग कंपनीने गाशा गुंडाळला आणि लोकांनी पक्षी मिळेल त्याला देऊन टाकले. आमच्याकडे एक जोडी राहिली, कारण अक्कांनी ती सोडली नाही.

त्या लसूणघास कापून घालायच्या, दुपारी नळीने पाणी उडवायच्या. पक्षी चिखलात लोळायचे आणि अक्का लेकरं न्हाऊ घातल्यासारख्या हसायच्या. जो गळ्यातून ढोलासारखा ढुम ढुम आवाज काढायचा, तो राजा. दुसरी हळूच घोगरं बोलायची, ती राणी. ज्याचा आवाज मोठा तो पुरुष, आमच्या घरात दुसरा हिशेब नव्हताच.

महाशिवरात्रीच्या सुमारास राणी अंड्यांवर बसली. खाणं बंद, पाणीही जवळजवळ बंद. चोचीने अंडी उलटायची आणि परत बसायची. राजा जवळ आला की त्याला हाकलून द्यायची. शेजारच्या भागाबाई म्हणाल्या, पहिलटकरीण आहे, नवरा नकोसा झालाय. मग काय, आम्ही गल्लीतल्या बायांनी राणीची ओटी भरली. खण, नारळ, गहू, सगळं रीतसर. कुंकू लावायला गेले, तर बाईने माझ्या मनगटावर टोचलं. डिंकाच्या लाडवाकडे बघितलंसुद्धा नाही.

होळी झाली. राणीचा नुसता सापळा दिसायला लागला. मरून वाया जाण्यापेक्षा विकलेली बरी, म्हणून आबांनी धुळ्याचा मटणवाला गिरधर बोलावला. तो पिकअप घेऊन आला आणि दोर घेऊन जाळीच्या कुंपणात शिरायला लागला. अक्का आडव्या आल्या.

“जेवाले बठेल माणूसले ताटवरथीन कोणी उठाडत नही,” त्या म्हणाल्या. “मंग अंडासवर बठेलले कसं उठाडाणं?”

“उपाशी मरी जाई ती!” आबा ओरडले.

तेवढ्यात कुंपणापाशी राजा पाय दुमडून खाली बसला. उठला तेव्हा मातीत हिरवंगार अंडं होतं.

मग भागाबाईंनी तोंडात पदर कोंबला आणि आम्हा बायांना हसू आवरेना. आम्ही नराची ओटी भरली होती! गिरधर तर डोळे पुसत म्हणाला, “भाऊ, नरना खाले कधी पिल्ले निंघतस का?”

अक्का मात्र हसल्या नाहीत. बसलेल्या पक्ष्याकडे बघून म्हणाल्या, “हाऊ बाप शे. पोरेसनासाठे उपाशी बठेल शे. आते ते उठाडूच देवाव नही.”

शेवटी ठरलं ते असं: आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, वाट बघायची. पिल्लं निघाली नाहीत, तर गिरधर दोघांनाही नेणार. अक्कांनी मान हलवली, पण रात्रभर त्यांच्या बांगड्या वाजत होत्या; कूस बदलत होत्या बिचाऱ्या.

चैत्राचं ऊन पेटलं. अक्कांनी बसलेल्या पक्ष्यावर चार बांबू रोवून गोणपाटाचं छत घातलं आणि ते दिवसभर भिजवत राहिल्या. पारावरचे रिकामटेकडे येऊन हसायचे, नर असून बायकांचं काम करतो म्हणायचे. “तुमले जमाव नही,” एवढंच अक्कांचं उत्तर. शेवटी ऊन लागून त्या तापाने पडल्या. दुपारी मी बादली घेऊन गेले, तर डोक्यावर ओला टॉवेल टाकून आबाच गोणपाटावर पाणी मारत होते. “थोडी कळ काढ, भो,” असं पक्ष्याला सांगत होते. मी पदर ओढून मागच्या मागे फिरले.

आखाजी उजाडली. अक्कांची लेक दीपमाला माहेरी आली होती, लिंबाला झोका बांधला होता, आणि अंडी तशीच होती. झोक्यावरची गाणी ऐन रंगात असताना पिकअप दारात उभी राहिली. या वेळी अक्का आडव्या आल्या नाहीत. शब्द दिला होता त्यांनी.

गिरधर आत शिरला आणि तो पक्षी उठला. पाय लटपटत होते, पिसं फुलली होती, आणि तसाच तो गिरधरच्या अंगावर धावून गेला. एक चप्पल आत टाकून गडी बाहेर! आणि मागे, मोकळ्या झालेल्या जागेत, अंगावर पट्टे ओढलेली चार ओली पिल्लं चिवचिवत होती. पाचवं अंडं हलत होतं.

इतके दिवस कोरड्या राहिलेल्या अक्का मातीत बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. सगळा गाव कुंपणाशी गोळा झाला. गिरधरने विचारलं, “आबा, आते?”

आबांनी घसा साफ केला. “आते काय? सगळा आठेच ऱ्हातीन. कमलनी सांगं व्हतं, उठाडू नका.”

आमच्याकडे त्या वयाचा पुरुष चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. एवढ्या वर्षांत जेठांच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं. अक्कांनी पदराने तोंड पुसलं आणि सगळ्या गावासमोर ताठ उभ्या राहिल्या. मी त्यांची जाऊ. खरं तर हेवा वाटायला हवा होता. पण माझा ऊर अभिमानाने भरून आला.