वहिनीने निवडलेले आयर्न

सुनंदावहिनी गेली त्या दुपारी डॉक्टरांनी मला तिचे एक्स-रे दिव्यासमोर धरून दाखवले. उमरेड रोडवर रेतीच्या टिप्परने तिच्या स्कूटीला मागून उडवलं होतं आणि मी दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टर तरुण होते, जरा भांबावलेलेही होते. फिल्मवर बोट ठेवत म्हणाले, "ही कवटी आजची. कमरेचं हाडही आजचंच. पण या बरगड्या जुन्या आहेत, मोडून जुळलेल्या. गळ्याजवळचं हाड जुनं, मनगटही जुनं... आधी कधी मोठा अपघात झाला होता का?" मी म्हटलं, "अपघात नाही. गोल्फ." त्यांनी विचारलं, "खेळायच्या का?" मी म्हणाले, "नंतर खेळायला लागली. आधी नवरा खेळायचा." तो नवरा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. आता तिला जाऊन काही आठवडे झाले, आणि नातेवाइकांचं म्हणणं असं की मी हे लिहू नये, घरची लक्तरं वेशीवर टांगू नयेत. हाडं मोडत होती तेव्हा यांच्यापैकी एकाच्याही कानावर तो आवाज गेला नाही. छापलेलं मात्र सगळ्यांना लगेच दिसतं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

आमचं गांधीबागेत कापडाचं ठोक दुकान. दादा गादीवर बसला की गिऱ्हाइकाच्या पायातली चप्पल बघून कुठलं थान उघडायचं ते ठरवायचा, आणि सहसा चुकायचा नाही. पण स्वतःसाठी काही घ्यायचं झालं की त्याचा एकच धर्म, माल घ्यायचा तर वरचा. चाळिशी उलटल्यावर मोठ्या लोकांत ऊठबस हवी म्हणून तो गोल्फ खेळायला लागला, आणि शहरातल्या सगळ्यात तरबेज खेळाडूकडे जे आयर्न होते तेच मागवून बसला. आयर्न म्हणजे पोलादी पात्याच्या काठ्या. दादाचे होते ते सुरीसारख्या पातळ पात्याचे. त्यांच्या बरोबर मधोमध चेंडू लागला तर तो सुरेख जातो, पण जरा इकडेतिकडे लागला की हात कोपरापर्यंत झिणझिणतो आणि चेंडू झुडपात शिरतो. दादाच्या अंगात रेड्याची ताकद, पण कमरेचा आणि हातांचा मेळ कधी बसला नाही. रोज सराव करणाऱ्या माणसाचं हत्यार हा रविवारचा खेळाडू घेऊन फिरायचा, आणि दर रविवारी चार लोकांत फजिती करून घरी यायचा.

घरी आला की बॅग व्हरांड्यात आदळायची. आयर्न पुसून ठेवणं हे वहिनीचं काम. पुसता पुसता तिच्या लक्षात आलं होतं की चेंडू पात्यावर जिथे लागतो तिथे पांढुरका डाग राहतो. डाग मधोमध असले तर संध्याकाळ शांत जायची. कडेला असले, की ती स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून घ्यायची, काचेची भांडी वरच्या फळीवर ठेवायची आणि मला, कारण रविवारी मी त्यांच्याकडेच असायचे, खालच्या आवाजात सांगायची, "ताई, आज टोकाले लागून राहिले सगळे. तुम्ही प्राचीले बाहेर न्या." प्राची म्हणजे त्यांची मुलगी, तेव्हा शाळेत होती. एकदा मी मुलीला शेजारी सोडून परत आले तर दादा वहिनीचे केस धरून तिचं डोकं कपाटावर आपटत होता. मी मध्ये पडले. त्याने जवळ पडलेला आयर्न उचलून फेकला, तो माझ्या कानाजवळून जाऊन टीव्हीत घुसला. मी काही मऊ बाई नाही, मुलींच्या शाळेत आयुष्य काढलं आहे. मी त्याच्या थोबाडीत मारली, आणि त्या रात्रीचा राग त्याने दुसऱ्या दिवशी तिच्या बरगड्यांवर काढला.

"चल माझ्याकडे सक्करदऱ्याला. आत्ताच्या आत्ता," मी म्हटलं. ती पारशिवनीकडच्या एका मास्तरांची मुलगी, दिसायला गरीब पण डोक्याने भयंकर हट्टी. म्हणाली, "ताई, मधोमध लागते त्या रविवारी हात नाही लावत ते मले. मी किती दिवसापासून पाहून राहिली. त्यायले ते लोखंड झेपत नाही. लोखंड बदललं पाहिजे." मी कपाळावर हात मारून घेतला. "आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! काहून अशी करतं वं?" तर म्हणते, "पाहू तर द्या."

आणि तिने खरंच पाहिलं. दादाचे दोन आयर्न टॉवेलात गुंडाळून ती छावणीच्या बाजूला एका निवृत्त सुभेदारांचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं तिथे गेली. मी बरोबर होते. सुभेदारांनी डाग बघितले आणि हसले, "भाभीजी, ये तो उस्ताद लोगों का सामान है." मग त्यांनी रुंद तळाचे, मागून पोकळ केलेले आयर्न काढून दाखवले. यांत वजन कडांना असतं, त्यामुळे फटका थोडा चुकला तरी चेंडू फार भरकटत नाही. तीन आणि चार नंबरचे लांब आयर्न तर नवख्याने ठेवूच नयेत, म्हणाले. साहेबांना घेऊन या, मारताना बघतो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते काही शक्य नव्हतं. मग वहिनीने कुर्ता शिवायचा आहे असं सांगून दादाला उभं केलं आणि काठीच्या लांबीसाठी मनगटापासून जमिनीपर्यंतचं माप टेपने घेतलं. कापडवाल्याच्या घरात त्याला संशय कसला येणार? एवढ्या काळजीने बाई स्वतःचं लुगडं निवडत नाही. तिला त्या लोखंडातून आपली हाडं वाचवायची होती.

त्या मापाने आणलेला सेट बघून दादाने विचारलं, "हे फावडे कोणाचे? म्हातारे खेळतात याच्यानं. मले खेळता येत नाही म्हणतं का वं तू?" तिचं मनगट गेलं ते त्या दिवशी. सेट तिने गव्हाच्या कोठीमागे सरकवून ठेवला. पुढे एका रविवारी दादाने आपले उस्तादी आयर्न मैदानातल्या बाभळीवर आपटून तोडले, एकामागून एक, बरोबरचे लोक बघत असताना. स्पर्धा तोंडावर आली होती, नवे येईपर्यंत वेळ लागणार होता, तेव्हा मुकाट्याने त्याने कोठीमागचा सेट काढला.

आणि काय सांगू... चेंडू जायला लागले! सरळ, उंच, हिरवळीवर पडणारे. दादा घरी येऊन ते हातवारे करून सांगायचा. प्राची जेवताना बडबड करायला लागली. वहिनीच्या अंगावर नवा वळ दिसेना. मलासुद्धा वाटायला लागलं की बाई म्हणत होती ते खरं असेल, एखाद्याला झेपेल ते हातात दिलं की माणूस सुधारत असेल.

मग दादाने सभासदांच्या स्पर्धेत कप जिंकला. घरी पेढे आले. मी व्हरांड्यात बसले होते, वहिनी खाली बसून आयर्न पुसत होती आणि चक्क गुणगुणत होती. चौकीदाराची बायको फाटकाशी आली, वहिनीने उठून तिच्या हातावर पेढा ठेवला आणि परत कामाला बसली. आतून दादा आला. "देवासमोर ठेवाच्या आधी तिले देल्ला?" एवढंच बोलला, आणि हातातला कप त्याने तिच्या खांद्यावर घातला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. वहिनी ओरडली नाही. तिने हातातल्या आयर्नचं पातं माझ्याकडे वळवलं आणि म्हणाली, "ताई, आज तर सगळे मधोमध लागले होते." तिचा तो चेहरा मी विसरणार नाही. हाड मोडल्याचं दुःख त्यात नव्हतंच. इतक्या वर्षांचा तिचा हिशेब समोर खोटा पडला होता, ते ती बघत होती.

दादाने दुसऱ्यांदा कप उचलला. वहिनीने बसल्या जागेवरून, एका हाताने, सात नंबरचा आयर्न फिरवला तो थेट त्याच्या गुडघ्याच्या वाटीवर. दादा बोंबलत खाली कोसळला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. तो पुन्हा उठू लागला तेव्हा तिने पुन्हा मारला. मग ती उभी राहिली, प्राचीला हाक मारली आणि मला म्हणाली, "चला ताई. तुमच्या घरी." गोल्फची बॅग मी उचलली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पोलीस, वकील, भावकीच्या बैठका. नणंद-भावजयीचं जगात कुठे पटतं का, म्हणून लोक मला येडी ठरवत होते. रक्ताचा भाऊ लंगडतो आणि तू तिला जेवू घालतेस? घालते, म्हटलं, वर तूपही वाढते. खांदा जुळल्यावर तिने त्याच आयर्नच्या दांड्या सुभेदारांकडून आपल्या उंचीला कापून घेतल्या आणि त्यांच्याच मागच्या मोकळ्या जागेत चेंडू मारायला लागली. काय मारायची! दात-ओठ खाऊन, जमिनीची ढेकळं उडवत. बायकांचे हलके आयर्न तिने वापरून पाहिले, पण ते तिच्या झपाट्यापुढे लवायचे. सुभेदार थकले तेव्हा दुकान तिच्याकडेच आलं.

तिथे ती नवख्यांना आयर्न निवडून द्यायची. आधी मारायला लावायची, मग पात्यावरचे डाग बघायची, आणि फुशारकी मारणाऱ्याला सरळ सांगायची, "साहेब, हे तुमच्यासाठी नाही." मग तो माणूस चेंडू मारण्यात गुंतला की बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोजवळ जाऊन विचारायची, "चेंडू बाहेर गेला की घरी काय होते?" बहुतेक जणी हसायच्या, ह्यांचं तोंड फुगतं म्हणायच्या. एखादी मान खाली घालायची. तिला वहिनी आपला नंबर द्यायची. "लोखंड मी चांगलंच देईन. पण लोखंडाच्या भरवशावर राहू नको वं. रविवारी संध्याकाळी आमचं दार उघडं राहते." आणि ते राहायचंच. दर रविवारी दिवेलागणीला ती दाराची कडी काढायची, चहाचं आधण ठेवायची आणि बसायची. कितीदा कुणीच यायचं नाही. कधी कुणी यायची, लेकरू कडेवर, ओठ फाटलेला.

ती गेल्यावर तिचा फोन माझ्याकडे आला. मागच्या रविवारी तो वाजला. पलीकडून एक पोरगी, आवाज दाबून, "वहिनी बोलून राहिल्या काय?" मी म्हटलं, "वहिनी नाही आता. मी तिची नणंद." मग फोन ठेवते म्हणाली. "ठेवू नको," मी म्हटलं. "घर माहीत आहे ना? ये."

ती अनवाणी आली. आत घेऊन मी कडी लावली, तेवढ्यात तिच्या मागोमाग नवराही आला आणि शिव्या देत दोन्ही हातांनी दार बडवायला लागला. बिजागऱ्या हलत होत्या. पोरगी भिंतीला चिकटून उभी होती. मी पोलिसांना फोन लावला, गॅस पेटवला आणि तिला विचारलं, "साखर किती घालू वं?"