घोळक्यातली पिल्लं

बुटीबोरीच्या अलीकडे कपाशीच्या संशोधनाचं एक शेत आहे. प्रेमिला तिथं नऊ वर्षांपासून रोजंदारीवर किडे पाळते. मारेकरी ढेकूण. लाल-काळा, मानेत बारीक, सोंड आकड्यासारखी वाकडी. अळी दिसली की पुढच्या पायांनी आवळायची, सोंड खुपसायची आणि आतला रस पिऊन रिकामं कातडं टाकून द्यायचं. देशभर माळावर, दगडाखाली, पाल्यात हा सापडतो असं इथले मधुसूदन साहेब सांगतात. प्रेमिलाच्या ओळखीचे सगळे डब्यातले. एका डब्यात एकच. दोन ठेवले तर एक दुसऱ्याला खातो, म्हणून ती त्यांना सवती म्हणते.

यंदा तिनं साहेबांना शब्द देऊन भाचीला, भावनाला, कामावर लावलं. भावनानं कपाशीचा रस पिणारे लाल ढेकूण वेचून साबणाच्या पाण्यात टाकायचे. रंगानं दोन्ही सारखेच, म्हणून प्रेमिलानं सोपी खूण दिली होती: एकटा बसला तो आपला, घोळक्यात बसला तो दुश्मन.

आज दहाच्या सुमारास भावना बादली घेऊन आली, खुशीत. एकाच पानावर ढीगभर सापडले म्हणे, बारकेबारके. प्रेमिलानं वाकून पाहिलं. माना बारीक होत्या.

अंड्यातून निघालेली मारेकऱ्याची पिल्लं पहिले एक-दोन दिवस टरफलांपाशीच गोळा होऊन बसतात. हे तिला ठाऊक होतं. सांगायचं तेवढं राहिलं होतं.

शेतात सोडलेल्या ढेकणांनी यंदा पहिल्यांदाच अंडी घातली होती, आणि तीच पिल्लं मोजायला मधुसूदन साहेब बारा वाजता येणार होते. एखादं तरी वाचलं असेल म्हणून दोघींनी तासभर पानं उलटली. एक पिल्लू दिसेना. भावना रडकुंडीला आली.

"मावशी, चिमण्यायनं खाल्ले म्हणू ना."

"चूप राय वं."

पण प्रेमिलाचे पाय डबे ठेवायच्या शेडकडेच वळले. परवाच निघालेल्या, अजून एकेक करून वेगळ्या न केलेल्या पिल्लांचा डबा तिथं होता. ती पानावर नेऊन ठेवली तर कोणाला कळणार? डबा हातात घेतला, झाकणही सैल केलं. बाहेर साहेबांची गाडी वाजली. तिनं डबा खाली ठेवला आणि बादलीच उचलून त्यांच्यासमोर नेली, काय झालं ते सांगितलं.

साहेबांनी भिंगातून पाहिलं. एकेक पिल्लू चिमट्यानं कागदावर काढत गेले. अडतीस भरली.

"अंड्यातून निघाली होती म्हणजे," ते स्वतःशीच म्हणाले. मग आवाज बदलला. "प्रेमिलाबाई, या पोरीला उद्यापासून येऊ नको म्हणा."

"मंग मले बी तेच सांगा साहेब. शिकवलं मीनं, तेही अर्धंच."

साहेबांनी शेडमधल्या डब्यांच्या रांगांवरून नजर फिरवली. भावना ओढणीचं टोक पिळत उभी होती.

"उद्या दोघी या," ते शेवटी म्हणाले. "पण बादलीला हात लावायच्या आधी तिला पिल्लं दाखवा. भिंगातून."

प्रेमिलानं मान हलवली आणि शेडमध्ये जाऊन परवाच्या पिल्लांच्या डब्याचं सैल झाकण घट्ट लावलं.