नादारीचा दुसरा अर्ज

लोणावळ्याच्या इंजिनशेडमध्ये अब्दुलभाई फायरमन होते. घाटात विजेची इंजिनं आली, कोळसा टाकणाऱ्या हातांचं काम सरलं, आणि १९३० सालच्या दिवाळीआधी ते घरी बसले. बसले ते असे, की उंबरा ओलांडीनात.

मुलगा इकबाल रोज गाडीनं ये-जा करून पुण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकत होता. बापाचा पगार बघून त्याला अर्धी नादारी मिळाली होती. उरलेली अर्धी फी आता भरणं शक्य नव्हतं. कारकून म्हणाला, "परिस्थिती बदलली असेल तर फेरविचाराचा अर्ज कर. पण पालक समक्ष हवेत. साहेब सगळं पहिल्यापासून तपासतात."

इकबालनं हे घरी सांगितलं आणि त्याच्या आईनं, मेहमुदानं, हातातलं शिवण खाली ठेवलं. पहिल्या अर्जात 'घरात इतर कमाई नाही' असं लिहिलेलं होतं. ती तर बंगलेवाल्यांचे पडदे आणि झबली शिवून देत असे. बायकोची शिलाई कमाईत धरायची असते, हे अर्ज भरताना अब्दुलभाईंच्या ध्यानातही आलं नव्हतं. आता साहेबांनी विचारलं तर? खोटं लिहिलं म्हणून पोराचं नावच काढून टाकलं तर?

"तुमी चला," ती नवऱ्याला म्हणाली.

"काय तोंड दाखवू?" म्हणत ते भिंतीकडे वळले.

मग तीच निघाली. टाकव्याच्या शेतकऱ्यांत वाढलेली बाई, साहेब म्हणवणाऱ्या माणसापुढे जन्मात उभी राहिली नव्हती. तळेगावला गाडी थांबली तेव्हा तिला वाटलं, इथंच उतरावं आणि मागं फिरावं.

"अम्मा, शिवणाचं काढू नकोस," इकबाल हळूच म्हणाला. "कोण विचारतंय?"

प्रिन्सिपलसाहेबांनी मात्र तेच विचारलं. दोन्ही अर्ज शेजारी ठेवून त्यांनी मान वर केली. "घरात दुसरी कमाई नाही ना?"

इकबालनं आईकडे पाहिलं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण मग पुढं प्रत्येक सत्राला हीच धास्ती उराशी घेऊन जगायचं, हे तिला त्या खोलीपेक्षाही भयंकर वाटलं.

"हाय, साहेब. मी शिवते. पयल्या अर्जात लिवायचं राहिलं. त्यात पोराची चूक न्हाई."

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"किती मिळतं?"

"नेम न्हाई. पावसाळ्यात बंगले बंद असत्यात, तवा काईच न्हाई."

"तसं लिहून द्या. कमिटी ठरवील," ते म्हणाले. चेहऱ्यावरून काही कळेना.

पुढचे अकरा दिवस पोस्टमन आळीत दिसला की तिच्या बोटात सुई घुसायची. इकबाल तिच्याशी धड बोलत नव्हता. बाराव्या दिवशी पत्र आलं. त्यानं ते उभ्यानंच वाचलं, मग पुन्हा वाचलं. वर्षअखेरपर्यंत पूर्ण नादारी, जूनमध्ये फेरतपासणी.

"म्हंजी परत जायचं?" मेहमुदानं विचारलं.

"व्हय, अम्मा," तो म्हणाला आणि तिच्याजवळ खाली बसला.

इकबाल बी.ए. होईपर्यंत ती दर जूनला गेली. शेवटच्या वर्षी अब्दुलभाई कॉलेजच्या फाटकापर्यंत सोबत आले. आत मात्र तीच गेली, आणि तेव्हाही तिच्या तळहातांना घाम सुटला होता.