दार लावून घेणारी बाई

भयपटाची पटकथा लिहायला बसलो की मी आधी दार शोधतो. दार वाजतं, आतला माणूस जागचा हलत नाही आणि प्रेक्षक पडद्याला खिळून राहतो. दार उघडलं की निम्मी भीती संपली, पुढचं काम मेकअपवाल्याचं. मला एवढं एकच येतं. त्यावर जळगावात भाड्याचा फ्लॅट चालतो आणि नातेवाइकांत ‘भुतंवाला’ म्हणून माझी थट्टा होते.

यंदा एका वेबमालिकेसाठी आखाजीचा प्रसंग लिहिला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, एकेकाची आठवण काढत उंबऱ्यावर कुंकवाचं बोट उमटवतात, त्यांना जेवायला बोलावतात. म्हटलं, बोलावलेला खरंच आला तर? भर दुपारी दार वाजतं. आई फटीतून पाहते, तर अपघातात गेलेला धाकटा मुलगा. ती किंचाळते आणि दार लावून घेते. निर्माता बेहद्द खूश झाला.

माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी पारोळ्याच्या पुढे अपघातात गेला. घरचंच दुःख विकायला काढलं, असं कुणी म्हटलं तर ते खरंच आहे.

त्या दिवशी धुळ्याला जाताना तो वाट वाकडी करून माझ्याकडे आला होता. बेल तीनदा वाजली. दाराच्या भिंगातून मला तो दिसला. मी एका प्रसंगाच्या ऐन मध्यात होतो, आणि हा बसला की दोन तास बोलणार. मी श्वास रोखून उभा राहिलो. तो गेल्यावर दार उघडलं, तर आईने पाठवलेली लोणच्याची बरणी होती. संध्याकाळी फोन आला. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तो परत आला तर त्याला काय तोंड दाखवू, ही भीती माझी होती. ती मी त्या पटकथेतल्या आईच्या अंगावर ढकलली.

आखाजीला धरणगावला आईकडे गेलो. मी काय लिहितो ते तिला पहिल्यापासून ऐकायचं असतं. टाळून पाहिलं, ती ऐकेना. शेवटी वाचून दाखवलं. ती उंबऱ्याशी बसली होती, बोटाला कुंकू तसंच होतं.

“तिनी दार का बरं लाई लिधं?” तिने विचारलं.

मी म्हटलं, घाबरली ती, मेलेला मुलगा दारात उभा होता.

“मरी गया म्हनीसन काय व्हयनं? तिना पोऱ्या उना ना. भूक लागनी व्हई त्याले.”

पोरगा घरी आला, एवढंच तिला दिसत होतं. मला रडू आवरेना. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, “आई, त्या दिवशी तो माझ्याकडे...” पण तिला वाटलं, भेट हुकली म्हणून मी रडतोय. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

“तू नको रडू, भाऊ. त्या दिनले तू घर नव्हता. त्यानी सोता माले फोनवर सांगं, भाऊ बाहेर गयेल शे, बरणी दारशी ठेई दिधी.”

त्या दुपारी माझ्या चपला दाराबाहेर होत्या. बरणी त्याने त्यांच्याच शेजारी ठेवली होती.