बाईंची कानगोष्ट

तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतःच्या हातानं लिहिलंत आणि त्यातली चूक कोणी भरल्या घरात मोठ्या आवाजात ऐकवली, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही पेन्सिल धराल का? लगेच मान हलवू नका. तुम्हाला पाचव्या वर्षी कोणीतरी बोट धरून शाळेत नेलं होतं. मी सांगते आहे ती बाई एकतीस वर्षांची होती, आणि तिची शिक्षिका तिचीच आठ वर्षांची पोरगी होती.

पण आधी पोरीच्या तिसरीच्या वर्गाच्या बाईंबद्दल सांगायला हवं, कारण चूक त्यांच्या हातून झाली. त्यांच्याइतकी चांगली शिक्षिका मी तरी पाहिलेली नाही, आणि माझं शिक्षकांशी फारसं पटत नाही हे आमच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे.

सत्तावीस वर्षं बाईंनी लाल पेन वापरलं नाही. पोराचं काही चुकलं की त्याला टेबलापाशी बोलवायच्या, वाकायच्या, तोंडाशी हात धरून त्याच्या कानात सांगायच्या. वर्गाचा नियम पक्का होता : बाईंनी कानात सांगितलेलं कोणी कोणाला विचारायचं नाही. पोरं त्याला ‘कानगोष्ट’ म्हणत. एखाद्याची कानगोष्ट चालू असली की बाकीचे मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसायचे. घरी आल्यागेल्यासमोर पोरांचे मार्क सांगणाऱ्या आईबापांनी हे एकदा बघायला हवं होतं.

अडचण एकच. पोरं सेहेचाळीस. दिवसाला सात-आठ कान व्हायचे. गप्प बसणाऱ्या पोरांची पाळी महिनामहिना यायची नाही, आणि बाई त्याबद्दल हळहळायच्या.

मग शाळेत टॅब आले. ते यावेत म्हणून शिक्षण खात्याच्या कचेरीत मीच तीन वर्षं भांडले, तेव्हा यंत्राच्या नावानं खडे फोडायचा हक्क मला नाही. वहीच्या पानाचा फोटो काढायचा, चुकलेल्या अक्षराभोवती बोटानं हिरवा गोल करायचा आणि बाजूला आवाजात निरोप ठेवायचा. तो थेट पोराच्या घरच्या फोनवर.

बाई हरखल्या. भाच्याकडून दोन दिवसांत शिकल्या. शाळा सुटली की रिकाम्या वर्गात पंख्याखाली बसायच्या, एकेक वही उघडायच्या, आणि टॅब तोंडाजवळ धरून, वर हाताचा आडोसा करून, हळूच बोलायच्या.

मी एकदा हसले. “बाई, त्याला कान नाहीत. सरळ बोला की!”

“असू दे गं,” त्या म्हणाल्या. “मला ते पोरच दिसतं.”

त्यांची चूक तिथंच होती. तेव्हा ती मलाही दिसली नाही. टॅबच्या या टोकाला बाई कुजबुजत होत्या. त्या टोकाला कोण बसलंय हे आम्ही दोघींनीही विचारलं नाही.

त्यांच्या वर्गात एक मुलगी होती, भिंगरी. नाव बाईंनीच पाडलेलं, कारण ती बाकावर कधी सरळ बसलीच नाही. तिची आई कपड्यांच्या कारखान्यात गुंड्या लावायची. तिथं कापडाच्या प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी असते : माप, रंग, किती नग. आईला ती वाचता येत नव्हती. दर गठ्ठ्याला शेजारणीला विचारायचं, शेजारीण दर वेळी आधी सुस्कारा सोडणार, मग वाचणार. तेवढी चिठ्ठी आपली आपण वाचता यावी, बाकी तिला काही नको होतं. सात महिने, घरात कोणी नसताना, भिंगरीनं तिला अक्षरं शिकवली. कडक मास्तरीण होती. “आई, उकार खाली! खाली म्हणजे खाली!”

मग ‘माझे घर’ असा निबंध आला. भिंगरी म्हणाली, “तूच लिही. बाई तपासतील, तुझ्या चुकीला पण हिरवा गोल मिळेल.” आईनं दोन दुपारी घालवून पाच ओळी लिहिल्या, पोरीच्याच वहीत. बाईंना आधी सांगून ठेवायचं भिंगरीच्या डोक्यातच आलं नाही. तिला वाटलं, बाईंना सगळं कळतं.

बाईंना अर्धंच कळलं. अक्षर पोरीचं नाही एवढं एका नजरेत ओळखलं, मोठ्या भावंडाकडून लिहून घेतलं असणार असं धरून चालल्या आणि हाताचा आडोसा करून कुजबुजल्या, “भिंगरे, कानात सांगते हं. हे तू लिहिलेलं नाहीस. ज्यानं लिहिलंय ना, त्याला आधी पहिलीच्या बाकावर बसवायला हवं! त्याचा ‘क’ बघ, धापा टाकतोय नुसता. उद्या तुझं तू लिहून आण. मी रागावले नाहीये.”

फोन बापाचा. घरात एकच. बापाला पोरीचं कौतुक फार, त्यामुळे बाईंचा निरोप आला की तो आवाज मोठा करून सगळ्यांना ऐकवायचा. सासू होती, दीर होता. आई पाणी घेऊन दारातच उभी होती.

“कोणी लिहिलं गं हे?” बापानं विचारलं.

भिंगरीनं आईकडे बघितलं. तेवढं पुरलं.

दीर आधी हसला. “वहिनी, दप्तर आणू का? पहिलीच्या बाकावर बसा म्हणतायत तुम्हाला!” सासू डोळे पुसून पुसून हसली. बापही हसला. तो वाईट माणूस नाही, हेही सांगून टाकते. त्याला गंमतच वाटली. त्या दिवसापासून घरात तिला नाव पडलं. “ए पहिली, पाणी आण. पहिली, दार लाव.”

आठ दिवसांनी बाईंच्या लक्षात आलं की भिंगरी फोटोला वही देत नाही, मांडीखाली दाबून बसते. बाईंनी तिला टेबलापाशी बोलावलं, वाकल्या. पण या वेळी पोरीनंच तोंडाशी हात धरला आणि बाईंच्या कानात सांगितलं, “ते आईनं लिहिलं होतं.”

बाईंनी टॅबवर तो फोटो पुन्हा उघडला. चौथी ओळ होती : ‘मी सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांचे डबे भरते.’ आठ वर्षांची पोर सगळ्यांचे डबे कुठून भरणार? “मी अक्षरं तपासली गं,” त्या मला म्हणाल्या. “वाचलंच नाही.”

शाळा सुटताच त्या भिंगरीच्या घरी गेल्या. आई उठून उभी राहिली, पदराला हात पुसत. “चुकलं माझंच, बाई. पोरीच्या वहीत मी कशाला हात घालायचा?”

“अहो, तुमच्यासारखा ‘घ’ माझ्या अख्ख्या वर्गात कोणाला जमत नाही.”

आई हसली. साहेब कारखान्यात आले की बायका हसतात तसं. “आता राहू द्या,” म्हणाली.

आणि मग बाईंनी आणखी एक चूक केली. राहवेना, म्हणून तिच्यासाठी माफीचा निरोप बोलून पाठवला. नंबर तोच एक. बापानं आवाज मोठा केला. “बघ, बाईंनी तुझी माफी मागितली, पहिली!” पुन्हा हसू.

हे कळलं तेव्हा मी बाईंना वाटेल ते बोलले. “तुम्हा शिकलेल्या लोकांना फोन म्हणजे आपला आपला वाटतो! ज्या घरात दाराला आतून कडी नाही, तिथं कसली कानगोष्ट?” त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला आजही त्याची लाज वाटते. टॅब मी आणले होते आणि मलाही हे सुचलं नव्हतं.

त्यानंतर बाईंनी आवाजाचे निरोप बंद केले, पुन्हा टेबलापाशी सात-आठ कान. कचेरीतून नोटीस आली, टॅबवरचं काम घटलं म्हणून. त्यांनी सही करून परत पाठवली. बाईंच्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघी कारखान्याच्या फाटकाशी गेलो. बाईंनी नवी वही आणि दोन पेन्सिली पिशवीत घातल्या होत्या. भिंगरीची आई बाहेर आली, तिनं वही हातात घेतली, पहिलं कोरं पान बोटानं दाबून बघितलं.

“भिंगरीला होईल,” म्हणाली आणि गर्दीत निघून गेली.

अक्षरं येत असूनही ती अजून शेजारणीला चिठ्ठी विचारते. बाई अजून महिन्यातून एकदा फाटकाशी जाऊन उभ्या राहतात. त्यांना पाहिलं की ती हल्ली मागच्या दारानं निघून जाते, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

तुमच्या घरात फोन तुमच्या खिशात असेल आणि त्यावर शाळेतून पोरासाठी आवाज आला, तर माझं एवढं ऐका : तो वाजवू नका. फोन पोराच्या हातात द्या आणि पाच मिनिटं बाहेर जाऊन उभे राहा.