एका दिवसात काढलेला दाखला

लोकांना जामीन राहण्याची आमच्या घरात जुनी हौस. वडील सरकारी नोकरीत होते आणि नल्लकुंट्यातल्या निम्म्या मराठी घरांना कधी ना कधी त्यांची सही लागायची. कुणाचं कर्ज, कुणाचं भाड्याचं घर, कधी कुणाचा मुलगा मारामारीत सापडलेला. वडील पगाराचा दाखला काढून आणत, इस्त्रीचा सदरा घालून कोर्टात जात आणि परत येऊन निवांत जेवत. "सरकारी पगार काय एकट्याने खायचा असतो?" असं म्हणत. ते गेल्यावर ही गादी माझ्याकडे आली. मी लग्न केलं नव्हतं, आईबरोबर राहत होते आणि आबिड्सजवळच्या एका सरकारी कचेरीत आस्थापना विभागाची अधीक्षक होते. म्हणजे कचेरीतल्या सगळ्यांचे पगारदाखले माझ्याच टेबलावर तयार व्हायचे. मला त्याचा तोरा होता, हे आज कबूल करायला लाज वाटते.

आमच्या तेलुगू राज्याचे दोन भाग होणार हे ठरलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. कचेरीत फायलींची, कपाटांची आणि माणसांची वाटणी चालली होती. कोण इथे राहणार, कोण पलीकडच्या राज्यात जाणार याच्या याद्या रोज बदलत. कशावरही सही करायला साहेब लोक कचरत.

माझा धाकटा भाऊ तारनाक्याला राहायचा. एका खासगी कॉलेजात शिकवायचा, चारचौघांत बोलायला गोड. घरी बायकोला मारायचा. हे मला पाच-सहा वर्षं ठाऊक होतं. आई म्हणायची, तापट आहे. मीही तेच म्हणायचे, कारण तापट म्हटलं की आपल्याला काही करावं लागत नाही.

एका मंगळवारी सकाळी भावजय सरळ माझ्या कचेरीत आली. ओठ फाटलेला, हनुवटी निळी, तरी साडीच्या निऱ्या नीट. ती मूळची परभणीची, इथे तिचं असं कुणीच नव्हतं. "ताई, मला एकटीला ठाण्यात जायची भीती वाटते," एवढंच म्हणाली. त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे, मी पर्स उचलली आणि तिला घेऊन गेले. तिला तेलुगू धड येत नव्हतं म्हणून तिचा शब्द न् शब्द मी पोलिसांना सांगितला. तक्रारीत माझंही नाव आलं, नवऱ्याची थोरली बहीण म्हणून. दुपारी पोलिसांनी भावाला कॉलेजातून उचललं आणि दुसऱ्या दिवशी कोर्टाने त्याला तुरुंगात पाठवलं.

ठाण्याच्या पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "लेकीची दहावी चालू आहे. सोमवारी शेवटचा पेपर. सोमवारी माझा भाऊ परभणीहून येतोय, आम्ही दोघी त्याच्याबरोबर जाणार. तेवढे दिवस त्यांना आत राहू द्या, ताई. सोमवारपर्यंत फक्त."

मी तिचा हात धरला. "हौ, तू परेशान होऊ नको. सोमवारपर्यंत काही होत नाही."

घरी आईने दोन दिवस अन्न सोडलं. तिच्या बोलण्यात भावजयीचा ओठ एकदाही आला नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची असते. तू ती पोलिसांत नेऊन उघडलीस," एवढंच पुन्हा पुन्हा. आपला तो बाब्या, हे मला कळत होतं. पण भिंतीकडे तोंड करून पडलेली म्हातारी रोज डोळ्यांसमोर असली की कळलेलं वळत नाही.

गुरुवारी सकाळी भावाला जामीन मंजूर झाला. आमचे वकील वडिलांच्या ओळखीतले, वयस्क. त्यांनी मला नीट समजावलं. आदेश निघाला म्हणजे माणूस सुटला असं नसतं. दोन जामीनदार कोर्टापुढे उभे राहून लिहून देतात की हा प्रत्येक तारखेला हजर होईल, नाही झाला तर ठरलेली रक्कम आमच्याकडून वसूल करा. घराचे कागद दाखवले तर चौकशी लागते, दिवस जातात. सरकारी नोकराचा पगारदाखला असला की काम लवकर होतं. कागद येईपर्यंत माणूस आतच.

"मी राहिले तर चालेल का? तक्रारीला तर मीच नेलं होतं," मी विचारलं.

वकील हसले. "अहो, उलट बरंच की. जिने तक्रारीला नेलं तीच जामीन राहतेय म्हटल्यावर कोर्ट काय बोलणार?"

माझ्या टेबलावर त्या आठवड्यात दाखल्यांचा गठ्ठा पडून होता. कुणाला मुलाच्या प्रवेशासाठी हवा होता, कुणाला घरासाठी. आठ-आठ दिवस कुणाचा निघत नव्हता, कारण सही करणारे साहेब पलीकडच्या राज्यात चालले होते आणि जाता जाता त्यांना कशात अडकायचं नव्हतं. मी नुसती गप्प बसले असते तरी पुरलं असतं. माझा अर्ज रांगेत शेवटी ठेवायचा, आईला म्हणायचं, "काय करू, सही होत नाहीये." त्यात खोटंही काही नव्हतं. सरकारी दिरंगाईला मी जन्मभर नावं ठेवली. त्या एका गुरुवारी ती देवासारखी समोर उभी होती आणि मी तिला बाजूला सारलं.

मी दाखला स्वतः टाईप केला, गठ्ठ्याच्या वर ठेवला आणि साहेबांच्या खोलीत गेले. ते पुठ्ठ्याच्या खोक्यात पुस्तकं भरत होते. वीस वर्षांत त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं, आज मागते, असं मी म्हणाले. त्यांनी खोक्यावरच कागद ठेवून सही केली. मग दुसरा जामीनदार हवा होता. आमच्या विभागात एक दफ्तरी होता, फायली लावणारा, पंचवीस वर्षं नोकरी झालेला. मी त्याचाही दाखला करून त्याच्यापुढे ठेवला. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "मनिषी मंचोडेना, मॅडम?" माणूस चांगला आहे ना?

मी हो म्हणाले. बाकी सगळ्याला काही ना काही कारण देता येतं, ह्या 'हो'ला नाही.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं कोर्टात उभे राहिलो. तिथल्या कारकुनाने माझा दाखला उलटापालटा करून पाहिला. "मॅडम, आप इधरीच रहते ना? बंटवारे में उधर को तो नहीं जा रहे?" त्याला भीती होती की माझी बदली झाली तर जामीनदार शोधायला परराज्यात जावं लागेल. मी इथलीच, पिढ्यान्‌पिढ्यांची, असं मी ताठ मानेने सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, आरोपी कुठे राहील? माझ्या घरी, मी म्हणाले. तक्रारदाराच्या जवळ जाणार नाही ना? नाही जाणार. सगळं लिहून घेतलं गेलं, सह्या झाल्या. तारखेला तो हजर राहील याची हमी माझ्याकडून तीन ठिकाणी घेतली. तक्रारदार बाई कुठे आहे, सोमवारपर्यंत काय करणार, हे कुणी विचारलं नाही, आणि मी आपण होऊन सांगितलं नाही.

संध्याकाळी भाऊ नल्लकुंट्याला आला. आंघोळ केली, आईने वाढलेला वरणभात जेवला. "अक्का, तू होतीस म्हणून सुटलो," म्हणाला आणि रडला. मीही रडले. मला वाटलं, आता हा माझ्या नजरेखाली आहे, दोन दिवस कसे जातील कळणारही नाही. भावजयीला तो सुटल्याचा फोनसुद्धा मी केला नाही. उगाच घाबरेल, लेकीचा अभ्यास बुडेल, असं मनाला समजावलं. खरं म्हणजे मला तिचा आवाज ऐकायचा नव्हता.

शनिवारी वाटणीच्या कामासाठी कचेरी चालू होती. मी गेले. अकराच्या सुमाराला भाचीचा शेजाऱ्यांच्या फोनवरून फोन आला. ती नीट बोलूही शकत नव्हती. मी बाहेर पडताच भाऊ तारनाक्याला गेला होता. भावजयीने दार उघडलं होतं, कारण नवरा तुरुंगात आहे असं तिला वाटत होतं. तशी खात्री मीच तिला दिली होती.

दवाखान्यात गेले तेव्हा तिच्या डाव्या कानावर पट्टी होती. पडदा फाटला होता, आतही काही दुखावलं होतं. तो कान परत आला नाही. डॉक्टरांना तिने जिन्यावरून पडल्याचं सांगितलं. मी कॉटपाशी उभी होते. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "लेकीला सोमवारी पेपरला कोण नेईल?"

मी नेलं. त्याच दिवशी परभणीचा भाऊ आला, चहा घेतला आणि बहिणीने सांगितलं म्हणून एकटाच परत गेला. जामिनाची अट मोडली म्हणून जामीन रद्द होऊ शकत होता. पण ती जिन्यावरून पडली होती, कागदोपत्री तसंच होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. पुन्हा आई, पुन्हा भिंत. मी नाही उघडलं.

नंतर तीन वर्षं केस चालली. भाऊ एकही तारीख चुकला नाही. शेवटी भावजयीने कोर्टात सांगितलं की आमचं आपसात मिटलं आहे, आणि आम्ही जामीनदार मोकळे झालो. तो कारकून मला म्हणाला, "मॅडम, ऐसा पक्का जमानतदार नहीं देखे." भाऊ वकिलांबरोबर पुढे गेला होता. भावजय बाकावर थांबली होती. मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले आणि तीन वर्षं मनात राहिलेलं विचारलं. त्या शनिवारी तू पुन्हा ठाण्यात का नाही गेलीस?

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला खरंच माहीत नाही की काय, हे बघावं तसं पाहिलं.

"कुणाबरोबर जाऊ, ताई?"