काहीही विचारलं तरी येस

आमच्या अप्पांनी आयुष्यात कुठल्याही प्रश्नाला पहिल्या फटक्यात 'हो' म्हटलेलं नाही. अप्पा म्हणजे माझे सासरे. उभी हयात सरकारी कचेरीत गेली, आणि तिथे आलेल्या अर्जात खोट काढून तो परत पाठवणं हेच त्यांचं काम होतं. घरीही हात बसलेला. "चहा टाकू का?" असं सासूबाईंनी विचारलं की "कशासाठी?" असा शेरा यायचा. (मुलगी पसंत आहे का, हे सांगायला त्यांनी एक अख्खा पावसाळा घेतला होता, असं सासूबाई अजून ऐकवतात.)

अशा माणसाला मी कॉम्प्युटर शिकवायला घेतला.

आम्ही पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि मी बेलापूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. घरोघरी टीव्हीएवढे मॉनिटर होते आणि त्यांच्यावर क्रोशाचे रुमाल असायचे, तेव्हाची ही गोष्ट. आमचा प्रोग्रॅम पहिल्यांदाच उघडणारा माणूस गोंधळू नये म्हणून पडद्यावरची बटणं आणि प्रश्न कमी करत जायचे, हे माझं काम. त्याचा मला पगार मिळायचा, त्यामुळे त्यातलं मला सगळं कळतं असा माझा समज झाला होता. निवृत्त झालेले अप्पा दिवसभर गॅलरीत उभं राहून खालच्या रिक्षावाल्यांच्या चुका काढायला लागले, तेव्हा माझा नवरा नितीन म्हणाला, "तू सगळ्या जगाला सोपं करून देतेस ना, मग आमच्या अप्पांनाही दे की."

मी कामाला लागले. पडद्यावरचं सगळं लपवलं आणि चारच चित्रं ठेवली. पत्ते खेळायचे, पेपर वाचायचा, पत्र लिहायचं आणि शुभेच्छापत्रं करायची. हा शेवटचा प्रोग्रॅम कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीतला. अप्पांना वेगळं ईमेलचं खातंसुद्धा उघडून दिलं नाही, माझंच दिलं. तेवढाच एक पासवर्ड कमी!

चित्रं मी कमी केली, पण कॉम्प्युटर प्रश्न विचारतो त्याला काय करणार? दुसऱ्याच दिवशी ऑफिसात फोन आला.

"सूनबाई, हा विचारतोय, 'डू यू वॉन्ट टू सेव्ह?' काय म्हणू?"

"येस म्हणा, अप्पा."

"कशासाठी सेव्ह करतोय, ते कारण नको द्यायला?"

"नको."

जरा वेळाने पुन्हा फोन. "आता विचारतोय, 'आर यू शुअर?' हा संशय माझ्यावरच का?"

"अप्पा, तो सगळ्यांनाच विचारतो."

"असं कसं? लेखी खुलासा करता येतो का?"

असे महिनाभर फोन. शेवटी एकदा मी मोठ्या मीटिंगमध्ये असताना सलग फोन वाजत राहिला, म्हणून धावत बाहेर आले. म्हटलं, घरात काही झालं की काय.

"सूनबाई, इथे ओके आणि कॅन्सल असे दोनच पर्याय आहेत," अप्पा गंभीरपणे म्हणाले. "मला 'विचाराधीन' हवंय."

मी डोळे मिटले. "अप्पा, आजपासून एकच नियम. तो काहीही विचारू दे, येस दाबायचं. ओके असेल तर ओके. विचारच करायचा नाही."

"काहीही विचारलं तरी?"

"काहीही."

"हे फार सोपं झालं," अप्पा म्हणाले. नोकरीतला सगळा भार त्या क्षणी उतरल्यासारखा त्यांचा आवाज आला.

त्या दिवसापासून फोन बंद झाले. पुढच्याच मीटिंगमध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला. नवशिक्याला पर्याय देऊच नयेत, हे माझ्या घरी सिद्ध झालंय, वगैरे. आमच्या देशमुख मॅडम खूश झाल्या. "तुझ्या सासऱ्यांना एकदा भेटायलाच हवं," त्या म्हणाल्या. (मोठी माणसं असं म्हणतात आणि विसरतात, असा माझा अनुभव होता.)

घरच्या कॉम्प्युटरवर मात्र हळूहळू नवे पाहुणे येत होते. कोपऱ्यात एक हिरवा पोपट येऊन बसला, तो अप्पांना इंग्रजीत गुड मॉर्निंग म्हणायचा. वर शोधायच्या पट्ट्या एकाखाली एक इतक्या साठल्या की पेपर वाचायला खाली बोटभर जागा उरली. एकदा सगळी अक्षरं कुठल्यातरी परक्या भाषेत झाली. नितीनने विचारलं तर अप्पा म्हणाले, "त्याने विचारलं, मी येस म्हटलं. नियम आहे." अप्पा खूश होते, म्हणून मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं.

मे महिन्यात अप्पा-आईंच्या लग्नाचा वाढदिवस आला. सासूबाईंनी आधीच बजावलं, "गाजावाजा नको. वर्षा आणि जावई येतील, आपण घरचे. आमरस-पुरी करू." वर्षा माझी नणंद, खोपोलीला असते. अप्पा म्हणाले, "वर्षाला निमंत्रण मी कॉम्प्युटरवरून पाठवतो." दुपारभर बसून त्यांनी गुलाबाच्या वेलीचं, सनईचं चित्र असलेलं कार्ड केलं. मला इतकं कौतुक वाटलं की मी ऑफिसात तेही सांगितलं.

रविवारी दुपारी बेल वाजली. वर्षा असेल म्हणून दार उघडलं, तर वर्षभर मी ज्यांचा फोन उचलला नव्हता ते विम्याचे एजंट सपत्नीक उभे. हातात गुच्छ.

"आम्हाला वाटलं तुम्ही रागावला आहात," ते गहिवरून म्हणाले, "आणि तुम्ही तर घरच्या कार्याला बोलावलंत."

मी "या, या" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांना बसवतेय तोवर माझे दातांचे डॉक्टर आले. मग पार्लरवाली सीमा, आईला घेऊन. मग ज्यांच्याकडून सोफा घेतला होता ते गृहस्थ. ते त्याच सोफ्यावर बसले आणि स्प्रिंग दाबून बघायला लागले. पाठोपाठ जिन्यात ओळखीचे आवाज आले आणि देशमुख मॅडम आमची सगळी टीम घेऊन दारात!

"अगं शुभांगी, न येऊन सांगतो कोणाला," मॅडम म्हणाल्या. "रोज सकाळी मेल यायची. 'आपण येताय ना?' म्हणून. काल तर दोनदा आली."

मी अप्पांकडे वळले. ते नव्या झब्ब्यात सगळ्यांना नमस्कार करत होते.

"अप्पा, ह्यांना तुम्ही बोलावलंत?"

"मी नाही बुवा. मी वर्षाला कार्ड केलं. मग त्याने विचारलं, ह्या वहीतल्या सगळ्यांना पाठवू? येस. खात्री आहे? येस. रोज आठवण करून देऊ? येस. विथ फॅमिली?" अप्पांनी अभिमानाने सगळ्यांकडे पाहिलं. "येस."

वही म्हणजे माझ्या ईमेलमधली पत्त्यांची वही. एक पासवर्ड वाचवल्याचा हा प्रताप. देशमुख मॅडमनी विचारलं, "आणि सगळ्याला येस म्हणायचा नियम कोणाचा?"

"आमच्या सूनबाईंचा," अप्पा म्हणाले. "त्या ह्यातल्या तज्ज्ञ आहेत."

टीममधलं कोणीतरी खोकलं. मी स्वयंपाकघरात पळाले. तिथे सासूबाई पातेल्याशी उभ्या होत्या. त्यांनी आमरसात दूध घातलं होतं. माझ्यादेखत आणखी घातलं. त्यानंतर तो दुधात आमरस झाला.

"कणीक संपली," त्या शांतपणे म्हणाल्या. त्या शांत झाल्या की घर चळचळा कापतं. "बाहेर माणसं किती ते बघ, आणि हे पातेलं केवढं ते बघ. चाळीस वर्षांत ह्यांनी मला एक माणूस न सांगता आणला नव्हता. तू शिकवलंस."

तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. नितीनने दार उघडलं आणि तिथेच थिजला. समोरच्या फ्लॅटमधल्या हमीदाभाभी उभ्या होत्या. जरीची साडी, हातात झाकलेलं ताट. त्यांचं आणि सासूबाईंचं गेल्या उन्हाळ्यापासून बोलणं नव्हतं. गच्चीवर सासूबाईंनी घातलेल्या कुरडयांवर भाभींची ओली चादर पडली होती. ती वाऱ्याने पडली की कोणी टाकली, ह्यावर दोन्ही घरांत आजवर एकमत झालेलं नाही. त्याआधी भाभींच्या कुवेतमधल्या मिस्टरांना मीच आमच्या कॉम्प्युटरवरून मेल लिहून द्यायची. म्हणजे तो पत्ताही वहीत होताच.

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या.

"कुसुमताई," भाभी म्हणाल्या, "कुवेतवरनं ह्यांचा रोज फोन. 'अप्पांच्या घरची दावत हाय, मला इथे रोज बुलावा येतो, आणि तू समोर राहून जात नाय?' मी बोलले, समोरच्या दारातून तर आवाज नाय आला, कुवेतवरनं कसा आला? पण ते ऐकेनात. मग आले."

सासूबाईंनी 'मी बोलावलेलं नाही' एवढंच म्हटलं असतं, तर ते खरं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ताटाकडे.

"तुला यायला कुवेतचा फोन कशाला लागतो गं?" त्या म्हणाल्या. "ये आत." मग आवाज खाली आणून, "तुझ्याकडे मोठं पातेलं आहे?"

पुढचं सगळं भाभींनी हातात घेतलं. त्यांच्या घरातून भलंमोठं पातेलं आलं. ("नवं कोरं हाय, गोश्त नाय शिजला यात कधी, फिकर करू नका.") तांदळाचं पीठ आलं, बटाट्याचं पोतं आलं. देशमुख मॅडम बटाटे सोलायला बसल्या. दातांच्या डॉक्टरांनी कांदा इतका बारीक आणि एकसारखा कापला की बघत राहावं. भाभी भाकऱ्या थापत होत्या, सासूबाई भाजत होत्या, आणि चादर वाऱ्यानेच पडली होती यावर तव्यापाशी एकदाचा समझोता झाला. वर्षा आणि जावई उशिरा पोचले, तेव्हा विम्याचे एजंट दारातच त्यांना रस्सा वाढायला धावले. पंगत जिन्यापर्यंत गेली. आमरस प्रत्येकाला चमचाभर मिळाला, पण तो तीर्थासारखा डोळ्यांना लावून प्यायला गेला.

जेवणं झाल्यावर सासूबाई पदर खोचून अप्पांसमोर उभ्या राहिल्या. कधीपासून त्यांना कन्याकुमारी बघायची होती, आणि कधीपासून ते प्रकरण अप्पांकडे प्रलंबित होतं.

"अहो," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "कन्याकुमारीला जायचं का?"

अप्पांचा आता हात बसला होता. "येस," ते म्हणाले.

"खात्री आहे?"

"येस."

"हमीदालाही नेऊ?"

"येस." मग अप्पा दचकले, पण एवढ्या साक्षीदारांसमोर उपयोग नव्हता. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

सोमवारी देशमुख मॅडमनी बैठक घेतली. प्रोग्रॅममधला खात्री करून घेणारा एकही प्रश्न यापुढे काढायचा नाही, आणि आहेत त्यांच्यात भर घालायचं काम शुभांगीकडे, असं ठरलं. मी येस म्हटलं.

कन्याकुमारीहून आल्यावर तिघांनी आमच्या हॉलमध्ये बसून समुद्राचे फोटो कॉम्प्युटरवर बघितले. फोटो संपले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मलाही शिकायचंय हे."

मी ताबडतोब खुर्ची ओढली. "बसा आई, मी शिकवते."

"तू राहू दे. हमीदा शिकवणार आहे मला."

"अहो पण, भाभींना त्यातलं काहीच येत नाही."

"म्हणूनच," सासूबाई म्हणाल्या. "फार तर काय होईल? काहीच होणार नाही."